माझ्या पासपोर्टातली कोरी पाच वर्षं

फुटबॉलपटूचे दोन पासपोर्ट असतात, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. एक निळा, सरकारी. तो काढायला मी सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो, मुंढव्याच्या केंद्रात फोटो काढला आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत आलो. दुसरा फुटबॉलचा. बारा वर्षांचे झाल्यापासून तुम्ही कुठल्या क्लबकडे नोंदलेले होता, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच त्यात असतं. एका देशातला क्लब दुसऱ्या देशातल्या क्लबला पैसे मोजून तुम्हाला घेतो तेव्हा हा कागद निघतो. माझा कागद २०११ साली सुरू होतो. गोवा, वय १७. त्याआधी काहीच नाही. जणू मी सतराव्या वर्षी डाव्या पायाने क्रॉस मारतच, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल टाकतच, जन्माला आलो.

त्याआधीची पाच वर्षं रेल्वे मैदानावर गेली. रेल्वेत फिटर असलेले एक गृहस्थ ड्यूटी संपली की सायकलवर बॉलची जाळी टांगून यायचे. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, अजूनही तसंच म्हणतो. जाळीत सहा बॉल, त्यातले दोन कायम शिवणीला. मैदान मुरमाचं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जायचा आणि संध्याकाळी सहालासुद्धा जमीन वाफ सोडायची. सोलापूर तसं क्रिकेटचं गाव. पॉली उम्रीगर इथे जन्मले हे शाळेत दहा वेळा ऐकलेलं असतं आणि पार्क स्टेडियम म्हटलं की डोळ्यांसमोर स्टंप येतात. फुटबॉल बघायचा तर कोल्हापूरला जायचं. तिथे तालीम मंडळांचे संघ, पेठांची खुन्नस, शाहू स्टेडियमवर खच्चून भरलेली गर्दी. आम्ही एकदा तिथल्या पोरांशी खेळलो आणि पाच गोल खाऊन आलो. येताना एसटीत सर एवढंच म्हणाले, "त्यांचे बूट बघितलेत का बे? एकसारखे होते."

मी डावखुरा, म्हणून डावीकडे, कडेने पळणारा विंगर. सरांची एकच ओरड असायची: "लाइनीला चिकट बे! मधी काय ठेवलंय तुझं?" विंगरने लाइनीवर उभं राहिलं की समोरच्या फुलबॅकलाही, म्हणजे कडेच्या बचावपटूलाही, बाहेर यावं लागतं आणि मध्ये जागा मोकळी होते, हे त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही. ते नुसते ओरडायचे. समजलं दहा वर्षांनी, दुसऱ्याच देशात.

आप्पा अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात होते. बारा तासांची पाळी. आई घरी विड्या वळायची. आप्पा एकदाच मॅच बघायला आले. अर्धा वेळ मी पळताना बघून म्हणाले, "हा तर मागावरचा धोटाच झालाय. इकडून तिकडं, तिकडून इकडं." सर हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "आतली सुताची कांडी संपली तरी धोटा पळतच राहतो. बघणाऱ्यानं बघावं लागतं, नाहीतर नुसताच पळतोय."

२०११ साली सरांनी कुणाकुणाला फोन करून गोव्यात एका क्लबची चाचणी मिळवून दिली. कोल्हापूरपर्यंत एसटी, तिथून गोव्याची कदंबा बस. तीन दिवस चाचणी. तिसऱ्या दिवशी एकाने माझं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव संगणकात भरलं. भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणीत मी पहिल्यांदा आलो तो असा. "आधीचा क्लब?" असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "रेल्वे मैदान." त्याने मान डोलावली आणि रकाना रिकामा सोडला. ही त्याची चूक नव्हती. सरांचं मंडळ म्हणजे एक रबरी शिक्का आणि एक वही. जिल्हा संघटना, मग राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या वाटेने ते कधी कुठे नोंदलंच गेलं नव्हतं. मला त्या रकान्याचं काय, मला बूट मिळाले होते.

गोव्यात पाच-सहा वर्षं काढली. पहिला पगार बारा हजार. कोकणी वर्षभरात आली. सोलापूरच्या पोराला भाषा जड जात नाहीत. गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड, मैदानावर उर्दू आणि शाळेत मराठी असं वाढलेलं असतं ते. म्हापशाच्या दुलेर मैदानावर कृत्रिम गवत होतं. पहिल्याच दिवशी घसरून गुडघा सोलून घेतला. मुरमावर पडायची सवय होती, पण त्या गवतावर कातडी भाजून निघते. तिथल्या प्रशिक्षकाने मला विंगरचं खरं काम शिकवलं. बॉल नको बघू, फुलबॅकचा कुठला पाय जड आहे ते बघ. ज्या पायावर त्याचं वजन आहे त्याच बाजूने जा, तो पाय उचलायला त्याला अर्धा क्षण जास्त लागतो. विंगरची सगळी रोजीरोटी त्या अर्ध्या क्षणावर चालते. आणि बॉल गेला की मागे पळ. ते कुणी टाळ्या वाजवून बघत नाही, पण संघातली जागा त्यावरच टिकते.

२०१६ साली गोव्यातल्या तीन मोठ्या क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. पेपरात त्यावर बरंच आलं. आमच्यासारख्यांना त्याचा अर्थ सरळ होता: वरचे खेळाडू खाली येणार आणि खालचे बाहेर जाणार. मी खालचा. करार संपला, नवा कुणी दिला नाही.

केरळचा एक एजंट होता. तो म्हणाला, मालदीवला विंगर हवाय, व्हिडिओ पाठव. माझ्याकडे मोबाइलवर काढलेले तुकडे होते. ते जोडायला नवी पेठेतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे गेलो. माणूस मन लावून काम करणारा. माझ्या प्रत्येक क्रॉसनंतर त्याने पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या होत्या. काढ म्हटलं तर नाराज झाला. शेवटच्या गोलवरच्या राहिल्याच. एजंटने तोच व्हिडिओ पाठवला आणि पुढे मालेतल्या संघव्यवस्थापकाने मला पहिल्या भेटीत विचारलं, "लग्न झालंय का तुझं?"

आता जरा कागदांबद्दल सांगतो, कारण बाहेर खेळायचं म्हणजे काय, असं विचारणारी पोरं बॉलबद्दल विचारतात, कागदाबद्दल नाही. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जायचं तर आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं. आयटीसी म्हणतात. ते तुम्ही मागायचं नसतं. नवा क्लब फिफाच्या टीएमएस नावाच्या संगणकप्रणालीत तुमचा करार, ओळखपत्र आणि आधीचा करार संपल्याचा पुरावा चढवतो. मग नव्या देशाची संघटना जुन्या देशाच्या संघटनेकडे प्रमाणपत्र मागते आणि जुन्या संघटनेने तेव्हा सात दिवसांत उत्तर द्यायचं असायचं. व्यावसायिक पुरुष खेळाडूंसाठी ही प्रणाली २०१० च्या ऑक्टोबरपासून सक्तीची आहे. हे सगळं बदलीच्या खिडकीत, म्हणजे बदल्यांसाठी ठरवून दिलेल्या मुदतीत, बसलं पाहिजे. खिडकी बंद व्हायच्या आत मागणी चढली नाही तर तुम्ही कितीही चांगला क्रॉस मारा, पुढचे काही महिने गॅलरीत बसून मारा.

माझा एक कागद अडला. खेळाडूवर तिसऱ्या कुणाचा आर्थिक हक्क नाही, असं लिहून खेळाडूने आणि जुन्या क्लबने सही करायची असते. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्यावर कुणाचा हक्क असणार? सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर आहे." माझी सही झाली. जुन्या क्लबची राहिली, कारण तिथला सही करणारा माणूस बहिणीच्या लग्नाला गेला होता. त्याचा फोन बंद. मी सोलापुरात, बॅग भरून, रोज चारदा एजंटला फोन. शेजारीपाजारी विचारायचे, "अजून गेला नाहीस?" चौथ्या दिवशी मी घराबाहेर पडणंच बंद केलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मांडवातून कुणीतरी त्याच्या हातात कागद दिला, त्याने सही केली, फोटो काढून पाठवला. रात्री मागणी चढली. तो फोटो माझ्याकडे आहे. कडेला अक्षतांचे दाणे दिसतात.

१९३६ साली कलकत्त्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोला जाऊन सेल्टिकच्या दुसऱ्या संघाकडून पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळला होता. तोही विंगरच. त्याची आठवण त्या चार दिवसांत फार यायची. त्याला समुद्र ओलांडायला लागला. मी एका सहीसाठी तुंबलो होतो.

माले हे बेट म्हणजे साधारण दोन चौरस किलोमीटर. विमानतळ दुसऱ्या बेटावर. तेव्हा पूल नव्हता, तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. त्यामुळे उतरल्यावर दोणीत बसून गावात जायचं. बुटांची पिशवी मांडीवर धरून मी त्या दोणीत बसलो आणि पाण्याकडे न बघता लाकडाच्या फळ्यांकडे बघत राहिलो. सिद्धेश्वर तलावापेक्षा मोठं पाणी मी तोवर फक्त किनाऱ्यावरून बघितलं होतं. सुट्टी शुक्रवारी. मैदानं मोजकी आणि क्लब अनेक, त्यामुळे सरावाची वेळ रात्री दहाचीसुद्धा असायची. बहुतेक सगळे सामने एकाच राष्ट्रीय स्टेडियमवर. कधी आपण पाहुणा संघ, कधी यजमान, पण ड्रेसिंगरूमचा नळ तोच.

तिथे मला उजवीकडे टाकलं. डाव्या पायाचा माणूस उजवीकडे. लाइनीवरून बॉल घेऊन आत वळायचं आणि डाव्या पायाने मारायचं. सरांची दहा वर्षांची ओरड एका दुपारी उलटी झाली. पहिले दोन महिने मी बॉल मिळाला की सवयीने बाहेर जायचो आणि उजव्या पायाने असा काही क्रॉस मारायचो की आमचाच गोलकीपर हसायचा. त्यांची थाना लिपी उजवीकडून डावीकडे जाते. संघातला एकजण मला त्या पाट्या दाखवून म्हणायचा, असं वाच, असं धाव. बसलं एकदाचं डोक्यात. आत वळलं की फुलबॅक मागोमाग येतो आणि बाहेरची लाइन मोकळी होते, तिथून आपला फुलबॅक पुढे जातो. म्हणजे जागा करून देणं तेच, फक्त दिशा बदलली. मग मला सरांचं "मधी काय ठेवलंय" कळलं. त्यांना तोच हिशेब सांगायचा होता.

सकाळी रोशी आणि मासहुनी. रोशी म्हणजे आपली पोळीच. मासहुनीत टूना, खोबरं, कांदा. आईने दिलेली शेंगाचटणी मी रोशीबरोबर खायचो. महिन्याभरात अर्धा संघ खायला लागला आणि दोन किलोचा डबा संपला. पगार डॉलरमध्ये, नऊशे. वेळेवर. या सगळ्या कारकिर्दीत "पगार वेळेवर" हे दोन शब्द मी ज्या जागेबद्दल लिहू शकतो ती जागा माझ्या मनात वरच्या फळीवर आहे. खेळ, हवा, जेवण हे सगळं त्याच्या खाली.

२०१८ च्या शेवटी ढाक्यातल्या एका क्लबला मी हवा झालो. माझ्या कराराचे काही महिने शिल्लक होते, त्यामुळे त्यांनी मालेच्या क्लबला पंधरा हजार डॉलर मोजले. युरोपात एवढ्यात एखाद्या राखीव खेळाडूचा आठवडासुद्धा निघत नसेल. पण माझ्यासाठी कुणी पैसे मोजले ही पहिलीच वेळ होती आणि मी तो आकडा आप्पांना तीनदा सांगितला. त्यांनी तीनदा विचारलं, "त्यातले तुला किती?" मला त्यातलं काही नाही, असं म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

ढाक्याच्या क्लबच्या कार्यालयात एक वयस्कर कारकून होते. ते माझ्या नावाचा कागद पुढे ठेवून म्हणाले, "बारा ते सोळा कुठे होतास?" तेव्हा मला तो दुसरा पासपोर्ट कळला. नियम असा आहे: बदलीच्या रकमेतले पाच टक्के नवा क्लब वेगळे काढतो आणि बारा ते तेवीस या वयात खेळाडूला ज्यांनी घडवलं त्या क्लबांना वाटतो. बारा ते पंधरा या वर्षांसाठी दरवर्षी रकमेच्या पाव टक्का, पुढे तेवीसपर्यंत दरवर्षी अर्धा टक्का. कारकुनांनी कागदाच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडला. चार वर्षांचे दीडशे डॉलर, सोळाव्या वर्षाचे पंच्याहत्तर. दोनशे पंचवीस. सोलापूरच्या नावाने. पण सोलापूर नावाचं काही त्या कागदावर नव्हतंच. "नोंद नाही तर वाटा नाही," ते म्हणाले आणि चहा मागवला.

रात्री सरांना फोन केला. तेव्हाच्या दराने सोळा हजार रुपये होत होते. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वीसेक बॉल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "वीस नाही, अठरा. पंप पण घ्यावा लागला असता."

ढाका म्हणजे फुटबॉलचं वेड काय असतं ते बघायची जागा. विश्वचषकाच्या वर्षी गच्च्यागच्च्यांवर अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि ज्यांनी कधी गाव सोडलं नाही असे दोन सख्खे भाऊ त्यावरून बोलेनासे होतात. आबाहनी आणि मोहामेडान या क्लबांचं वैर आजोबांकडून नातवाकडे येतं. मी गेलो त्या २०१८-१९ च्या मोसमात मात्र लीग जिंकली ती वरच्या गटात नुकत्याच आलेल्या बसुंधरा किंग्जने. परदेशी खेळाडूकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. परदेशी आहे, म्हणजे गोल करणार. मी विंगर आहे, पास देतो, हे तिथल्या प्रेक्षकाला पटत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तर विंगरचा धंदाच बसतो. बॉल चिखलात अडतो, आपण पुढे जातो. एका सामन्यात मी बॉलशिवायच फुलबॅकला चकवून कोपऱ्यापर्यंत गेलो होतो.

तिथे पगार अडला. एक महिना, मग दुसरा. विचारलं की उत्तर एकच: "ईदेर पॉरे, दादा." ईदनंतर. ईद झाली. मग पुढच्या ईदचं नाव निघालं. त्या माणसाचा रागही येईना, कारण त्याचाही पगार थकला होता, असं शिपायाने सांगितलं.

माझ्या एका नायजेरियन सहकाऱ्याने मला नियम दाखवला. तो चार देशांत बुडालेल्या पगारांचा अनुभवी, या विषयात वकिलाला शिकवेल असा. २०१८ च्या जूनपासून फिफाच्या नियमांत आलंय: दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. फोनवर बोललेलं, मैदानावर भांडलेलं यातलं काही धरत नाहीत. लेखी हवं. मी आणि तो रात्रभर बसून इंग्रजीत नोटीस लिहिली. ईमेलने पाठवली, कुरिअरनेही पाठवली आणि पावती बुटात ठेवली. पंधरा दिवस रोज सरावाला गेलो. हे महत्त्वाचं आहे. रागावून घरी बसलात तर तेच तुमच्यावर उलटतं. सोळाव्या दिवशी करार मोडल्याचं पत्र दिलं आणि फिफाच्या तंटा निवारण कक्षाकडे अर्ज केला. खेळाडू आणि क्लबच्या पगाराच्या अशा वादासाठी तिथे फी लागत नाही. ही गोष्ट मी भेटेल त्या पोराला सांगतो, कारण निम्मी पोरं खर्चाच्या भीतीनेच गप्प बसतात.

निकाल यायला चौदा महिने गेले. बाजूने लागला. तरी पैसे आले नाहीत. ते आले तेव्हा, जेव्हा क्लबला नवे खेळाडू नोंदवायचे होते आणि थकबाकी दिल्याशिवाय नोंदवता येणार नाहीत असं त्यांना कळलं. त्या पैशांतून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वीस-पंचवीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्यावर गुडघ्यांचं जे होतं तेच झालं होतं.

नेपाळचं थोडक्यात. २०१९-२० चा हिवाळा, काठमांडू. सातदोबाटोच्या कृत्रिम गवतावर सकाळी सातला बोटं वळायची नाहीत. तिथली पाटी न् पाटी मला वाचता यायची, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी स्वतःला फार हुशार समजत होतो. मग कळलं की वाचता येणं आणि समजणं वेगळं. घरून आणलेल्या पाचशेच्या नोटा तिथे चालेनात. शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर तेव्हा बंदी होती. मोसम संपवून सोलापूरला आलो आणि २५ मार्चला देश बंद झाला.

पुढची जवळजवळ तीन वर्षं मी कुठल्याच देशात विंगर नव्हतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात लागलो. पहाटे पाचला होटगी रोडवर पळायचो. ओळखीचे विचारायचे, "काय करायलास बे हल्ली?" मी म्हणायचो, "तयारी." कशाची, ते कुणी विचारलं नाही. बरंच झालं.

२०२३ साली एकोणतिसाव्या वर्षी भूतानमधलं थिंफू मिळालं. चांगलिमिथांग स्टेडियम, शेजारी तिरंदाजीचं मैदान. लक्ष्य सुमारे १४५ मीटरवर. बाण लागला की तिथले लोक गाणं म्हणत गोल नाचतात. आम्ही इकडे वॉर्मअप करताना ते गाणं ऐकू यायचं. आपला क्रॉस लागला तर आपण नुसती बोटं दाखवतो, किती कोरडे लोक आपण. गाव साधारण २३०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे बॉल थांबत नाही. माझे पहिल्या आठवड्यातले सगळे क्रॉस दुसऱ्या लाइनीबाहेर गेले. दम तर असा लागायचा की एक धाव घेतली की पुढच्या दोन सोडून द्याव्या लागायच्या. म्हणजे कुठली धाव घ्यायची हे निवडायला लागलो. पंचवीस वर्षांचा असताना हे जमलं असतं तर मी कुठल्या कुठे गेलो असतो, असं आता वाटतं. तेव्हा मात्र दम होता आणि निवडायची गरजच वाटली नव्हती.

सातव्या सामन्यात मांडीच्या मागचा स्नायू गेला. तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा ओढल्यासारखं झालं होतं, यावेळी आवाज आला. मी पडलो नाही. लाइनीवर उभाच राहिलो आणि पंचांना हात दाखवला. फिजिओ पळत येईपर्यंत मला आप्पांचं कांडीचं वाक्य आठवत होतं. फोनवर त्यांना सांगितलं तर त्यांना ते बोलल्याचंही आठवेना. म्हणाले, "माग विकून पाच वर्षं झाली मालकानं. धोटा कुठला आता."

आता मी सोलापुरातच असतो. सरांच्या त्याच मैदानावर संध्याकाळी पंचवीस-तीस पोरं येतात, त्यात सात मुली. सर निवृत्त झालेत, कठड्यावर बसून ओरडतात. आठवड्याला एखादे आई-वडील येतात: पोरगा पंधरा वर्षांचा, एजंट म्हणतो स्पेनच्या क्लबला लावतो, पाच लाख मागतो. मी त्यांना सांगतो की अठराच्या आत दुसऱ्या देशात बदली करायला फिफाची बंदी आहे, अपवाद मोजके आणि कडक आहेत, आणि त्यात "एजंटने सांगितलं" हा अपवाद नाही. काही ऐकतात. एकाने मला सांगितलं, तुमचं झालं नाही म्हणून तुम्ही असं बोलता. त्याला कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव सांगितलं. पोरगा इथूनच पुढे गेला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला. त्याला पटलं असं वाटलं नाही.

मंडळाची रीतसर नोंदणी करायला सात महिने लागले. घटना, कार्यकारिणी, लेखापरीक्षण, जिल्हा, मग राज्य. सरांच्या रबरी शिक्क्यावरचं नाव आणि नव्या प्रमाणपत्रावरचं नाव यात एक काना कमी निघाला म्हणून एक महिना त्यातच गेला. २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते वाट्याचे पैसे फिफाच्या पॅरिसमधल्या क्लिअरिंग हाउसमधून जातात आणि कुणाला किती ते संगणकावरच्या नोंदींवरून ठरतं. ढाक्याच्या कारकुनांसारखं "बारा ते सोळा कुठे होतास?" असं विचारायलाही आता समोर माणूस नसेल.

काल एका मुलीची नोंदणी भरत होतो. बारा पूर्ण झालीत, डावखुरी आहे. जन्मदाखल्यावर आडनावात एक अक्षर जास्त, आधारवर कमी. ते जमवलं. मग ओटीपी आला, तो तिच्या आईच्या फोनवर. आई विडी कारखान्यात माल द्यायला गेलेली, सहाशिवाय येत नाही. सर कठड्यावरून म्हणाले, "थांबू की. आपल्याला काय, पाच वर्षं थांबलोय." मी म्हणालो, "पाच नाही सर, सतरा-अठरा झाली." त्यांनी बोटांवर मोजून बघितलं. तोवर मुलगी कंटाळून बॉल घेऊन लाइनीकडे गेली होती आणि सर तिच्यावर ओरडत होते, चिकट बे, चिकट, मधी काय ठेवलंय.